कचेरीची हवा आणि बिनतारी पहारा

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां ‘बिनतारी’ हा शब्द उच्चारतांच लोकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राही : उंच मनोरा, त्यावरून दाही दिशांस जाणाऱ्या अदृश्य लहरी, आणि दूर कोठें तरी दिवाणखान्यांत ठेवलेली एक लांकडी पेटी. ती पेटी घरांत ठेवण्यालाहि सरकारी परवाना लागे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानें तर परवान्यावांचून असें यंत्र जवळ बाळगणें हा गुन्हाच ठरविला. त्या कायद्याची जागा घेण्यासाठीं २०२३ मध्यें नवा दूरसंचार कायदा संमत झाला. मधल्या नव्वद वर्षांत बिनतारीचें रूप पार पालटलें. मनोरे आहेतच, परंतु त्यांच्या जोडीला आगपेटीएवढीं लहान यंत्रें भिंतींवर येऊन बसलीं आहेत. तीं गात नाहींत, बातम्या सांगत नाहींत. दर दहा मिनिटांनीं क्षणभर जागीं होऊन ‘खोली अमुक, उष्णतामान इतकें, दमटपणा इतका’ एवढेंच कुजबुजतात आणि पुन्हां निजतात. या कुजबुजीचा उपयोग काय, ती ऐकावयाची कशी, आणि तिच्यावर विश्वास किती ठेवावयाचा, हें समजून घेण्यास पनवेलसारखें दुसरें सोयीचें गांव नाहीं.

जुन्या पनवेलांतील कौलारू घरें व चौकाचे वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, कीं तेथें हवेची चिंता कोणी करीत नसे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई, ओटीवरून व चौकांतून नवी हवा आंत येई. घर आपोआप श्वास घेत असे. खाडीवरून येणारा वारा आणि भिंतींतले झरोके एवढ्यावर काम भागे. पुढें १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठें, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली व रायगड जिल्ह्याला आपली पहिली महानगरपालिका मिळाली. या वाढीबरोबर कांचेच्या दर्शनी भिंतींच्या, बंद खिडक्यांच्या कचेऱ्या आल्या. बाहेर हमरस्त्याचा धूर व धूळ, चैत्र-वैशाखांत तापलेलें ऊन, आणि मृगापासून चार महिने न आटणारा पाऊस. तेव्हां खिडक्या बंद करून आंत वातानुकूलन यंत्र लावणें ओघानेंच आलें. मात्र ज्या क्षणीं खिडकी बंद झाली त्या क्षणीं इमारतीनें आपोआप श्वास घेणें सोडलें. आतां तिचा श्वास कोणी तरी मोजला पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते, कीं थंड हवा म्हणजे ताजी हवा. ही समजूत चुकीची आहे. कचेऱ्यांतून भिंतीवर बसविलेलें नेहमींचें वातानुकूलन यंत्र खोलींतलीच हवा ओढतें, ती थंड करतें व तीच परत खोलींत सोडतें. बाहेरच्या भागाशीं तें जोडलेलें असतें खरें. परंतु त्या नळ्यांतून हवा येत नाहीं, फक्त उष्णता बाहेर नेणारें द्रव्य खेळत असतें. खोलींतील माणसें श्वास सोडतात, आणि सोडलेला श्वास थंड होऊन पुन्हां त्यांच्याच वांट्याला येतो.

याचा हिशेब कोणालाहि घरीं करतां येईल. सहा मीटर लांब, पांच मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी सभेची खोली घेतली तर तिच्यांत नव्वद घनमीटर, म्हणजे नव्वद हजार लिटर हवा मावते. बैठें काम करणारा प्रौढ माणूस तासाला सुमारें १९ लिटर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या शालेय पुस्तकांतला कर्बाम्ल वायु, बाहेर सोडतो. दहा माणसें बसलीं तर तासाला १९० लिटर. दार-खिडक्या अगदीं घट्ट बंद असल्या तर एका तासांत या वायूचें प्रमाण दशलक्ष भागांत सुमारें २,१०० भागांनीं वाढेल. बाहेरच्या मोकळ्या हवेंत तें आज सुमारें ४२५ आहे. सभा सुरू होतांना खोलींत ४५० धरलें, तर सोळा मिनिटांच्या आंत तें हजारावर जातें व तासाअखेर अडीच हजारांच्या पुढें. प्रत्यक्षांत दाराच्या फटींतून थोडी हवा येत-जात राहते म्हणून आंकडा कांहींसा कमी भरतो. पण वाढीची दिशा तीच.

हजार हा आंकडा नवा नाहीं. १८५८ मध्यें म्युनिच येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यानें कोंदट खोलीची मर्यादा म्हणून हजारांत एक भाग, म्हणजे दशलक्षांत हजार, हेंच प्रमाण सुचविलें होतें. एवढ्या प्रमाणांत हा वायु विषारी नसतो, हेंहि त्याच वेळीं ध्यानांत ठेवलें पाहिजे. तो एक खूण आहे. तो वाढला याचा अर्थ इतरांच्या फुप्फुसांतून आलेली हवा वाढली. आणि त्या हवेबरोबर क्षय, पडसें, करोना यांचे जंतुहि तरंगत येऊं शकतात. २०२० च्या साथीनंतर हा साधा हिशेब पुन्हां सर्वांना आठवला. मर्यादा राखावयाची तर प्रत्येक माणसामागें दर सेकंदास सुमारें नऊ लिटर बाहेरची हवा आंत आली पाहिजे, असें त्याच गणितानें निघतें. ती येते कीं नाहीं हें डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं. कारण खोलींत बसलेल्या माणसाचें नाक थोड्याच वेळांत त्या वासाला सरावतें. दुपारीं तीन वाजतां सर्वांच्या डोळ्यांवर झांपड येते आणि तिचा दोष जेवणाला दिला जातो.

मोजण्याचें शास्त्र रायगड जिल्ह्याला परकें नाहीं. भूचुंबकत्वाचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेल येथेंच आहे. १९७१ मध्यें तिला स्वायत्त रूप मिळालें. परंतु तिची परंपरा १८२६ मध्यें उभारलेल्या कुलाबा वेधशाळेपर्यंत मागें जाते. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें चुंबकाचे वेध बिघडतील हें ओळखून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथील इमारतीसाठीं चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड पारखून घेतला आणि उष्णतामानाचा रोजचा चढउतार आंत जवळजवळ पोंचूं नये अशी खोलीची रचना केली. कारण खोली तापली कीं यंत्र तापतें, आणि यंत्र तापलें कीं नोंद खोटी होते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. अलिबागचें काम १९०४ मध्यें सुरू झाल्यावर कुलाब्याचें लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं बरोबरीनें वेध घेऊन ते एकमेकांशीं ताडून पाहिले. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाचे वेध कुलाब्यास हातानें टिपलेले होते. त्यांच्या आधारानें २००३ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्या वादळाची तीव्रता सुमारें १,७६० नॅनोटेस्ला अशी काढली. जवळजवळ दीडशें वर्षांनंतर त्या वह्या उपयोगीं पडल्या, याचें कारण नोंद नियमित होती, वेळ लिहिलेली होती आणि यंत्र कोणतें हें ठाऊक होतें. कचेरींत संवेदक बसविणाराला याहून चांगला धडा मिळणार नाहीं.

संवेदक म्हणजे काय? ज्याच्या अंगीं एखाद्या गुणाची जाणीव आहे आणि जी जाणीव विजेच्या भाषेंत सांगतां येते, असा एक छोटासा पदार्थ. उष्णता मोजण्यासाठीं थर्मिस्टर नांवाचा मण्यासारखा तुकडा असतो. तो तापला कीं विजेला त्याचा होणारा अडथळा कमी होतो. साधारण एका अंशामागें शेंकडा चार. हा फरक मोजला कीं उष्णतामान कळलें. दमटपणा मोजण्याची युक्ति आणखी मौजेची आहे. दोन धातुपत्र्यांमध्यें एका कृत्रिम द्रव्याचा अतिशय पातळ पापुद्रा ठेवलेला असतो. पावसाळ्यांत पापड जसा हवेंतलें पाणी ओढून सादळतो, तसा हा पापुद्रा बाष्प शोषून घेतो. वीज धरून ठेवण्याच्या कामीं पाण्याचा गुण या द्रव्यापेक्षां कितीतरी पटींनीं मोठा असल्यामुळें, पापुद्र्यांत थोडेंसें पाणी शिरलें तरी त्या जोडीची वीज सांठविण्याची शक्ति बदलते. पापड सादळला कीं बोटाला कळतें. येथें विजेला कळतें, एवढाच भेद.

कर्बाम्ल वायूसाठीं प्रकाशाचा उपयोग करतात. सुमारें सव्वाचार मायक्रॉन लहरलांबीचा अदृश्य उष्ण प्रकाश हा वायु मोठ्या आवडीनें गिळतो. एका लहानशा नळींत एका टोंकास दिवा व दुसऱ्या टोंकास नेत्र ठेवला, तर मधल्या हवेंत वायु जितका अधिक तितका नेत्राला प्रकाश कमी पोंचतो. वायु-संवेदक घेतांना तो याच तत्त्वावर चालतो कीं नाहीं, हें विचारून घ्यावें; कारण बाजारांत मिळणारीं कांहीं स्वस्त यंत्रें इतर वासांवरून केवळ अंदाज बांधतात आणि तो अंदाज मोजमाप म्हणून पुढें करतात. स्वयंपाकघरांतल्या फोडणीनें किंवा फरशी पुसण्याच्या औषधानें अशा यंत्राचा आंकडा वर उडाला, तर नवल नाहीं.

संवेदकाला जें कळलें तें दूर पोंचविण्याचें काम लहरींचें. १८९५ मध्यें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखविली, तेव्हां लहरी भिंतींतून पार जातात हें लोकांनीं कौतुकानें पाहिलें. पण सगळ्या भिंती सारख्या नसतात. विटांची भिंत किंवा लांकडी पडदी लहरींना वाट देते. सिमेंटच्या आंतील लोखंडी सळ्यांचें जाळें, लिफ्टची विहीर, ओळीनें मांडलेलीं पोलादी कपाटें आणि धातूचा पातळ लेप दिलेली कांच या त्यांना अडवितात. लहर जितकी लांब तितकी ती सामान्यतः अधिक दूर जाते. घरोघरच्या वाय-फायची एक पद्धति २.४ गिगाहर्ट्झवर चालते. तिची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब. भारत सरकारनें २००५ मध्यें ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यांतून मुक्त केला व २०२१ मध्यें त्याची मर्यादा ८६८ पर्यंत वाढविली. तेथें लहर जवळजवळ पस्तीस सेंटिमीटर लांब असते. इमारतीच्या कामाला ही दुसरी अधिक सोयीची.

या पट्ट्यांत बोलण्याची ‘लोरा’ नांवाची एक पद्धति फार चालते. तिच्यांत प्रत्येक अक्षर एका सुरावर न उच्चारतां, बांसरीवर खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत मींड घ्यावी तसें घसरत उच्चारतात. बाजारांतल्या गोंगाटांतहि ओळखीची मींड जशी कानाला सांपडते, तसा हा संदेश विद्युत् गोंगाटाच्या खालीं दडलेला असला तरी ग्राहकयंत्र तो हुडकून काढतें. म्हणून अल्पशा शक्तीनें चार-सहा मजले ओलांडतां येतात. ‘झिग्बी’ नांवाची दुसरी पद्धति निराळी आहे. तिच्यांत आग विझवितांना माणसें रांग लावून बादल्या पुढें देतात, तसा एक यंत्र दुसऱ्यास व दुसरें तिसऱ्यास संदेश देतें. वाय-फायची सोय बहुतेक कचेऱ्यांत आयतीच असते. परंतु ती वीज पुष्कळ खाते व एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातांना दमते. यंत्र विकत घेतांना एक सावधगिरी अवश्य ठेवावी. अमेरिकेसाठीं बनविलेलीं लोरा-यंत्रें ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्या भागांत आपल्याकडे मोबाइल टेलिफोनचीं संभाषणें चालतात. युरोपांतील यंत्रें ८६८ च्या किंचित् वर बोलतात, म्हणजे आपल्या मर्यादेबाहेर. स्वस्त मिळालें म्हणून तसें यंत्र लावणें बेकायदेशीर तर आहेच, शिवाय दुसऱ्याच्या बोलण्यांत आडवें येणेंहि आहे. भारतीय पट्ट्याचें व सरकारी मान्यता मिळालेल्या नमुन्याचेंच यंत्र घ्यावें.

सर्व यंत्रांचे संदेश ज्या एका ठिकाणीं येतात त्याला गेटवे म्हणतात. गांवाची वेस जशी, तसाच तो : आंतलें सारें बोलणें तेथें जमतें व तेथून तारेनें संगणकाकडे जातें. ही वेस कोठें असावी? इमारतीच्या मधल्या मजल्यावर, जिन्याच्या मोकळ्या भागांत, उंचावर. पोलादी कपाटांत किंवा लिफ्टच्या शेजारीं कधींहि नव्हे. ती ठेवून झाल्यावर भिंतींना भोंकें पाडण्याची घाई करूं नये. एक यंत्र हातांत घेऊन मजलोमजलीं, खोलोखोलीं फिरावें व कोठून संदेश चांगला पोंचतो आणि कोठें तो हरवतो हें कागदावरच्या नकाशांत मांडावें. हें फिरणें सुट्टीच्या दिवशीं करूं नये. माणसांनीं भरलेली, दारें लावलेली, लिफ्ट वर-खाली होत असलेली कचेरी ही वेगळी इमारत असते. माणसाच्या शरीरांतलें पाणीहि लहरींना गिळतें.

चार मजल्यांच्या कचेरीला अशीं पंधरा-वीस यंत्रें पुरतात. प्रत्येक सभागृहांत एक, निराळें वातानुकूलन असलेल्या प्रत्येक भागांत एक, जुनें दप्तर ठेवलेल्या खोलींत एक, विजेच्या बॅटऱ्यांच्या खोलींत एक, आणि बाहेर सावलींत, पाऊस लागणार नाहीं असें एक. हें शेवटचें पुष्कळ वेळां विसरलें जातें. वास्तविक बाहेरची स्थिति ठाऊक नसेल तर आंतल्या आंकड्यांचा अर्थच लागत नाहीं. यंत्र बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, सुमारें सव्वा मीटरवर असावें. उन्हाची तिरीप, वातानुकूलनाचा झोत, संगणकाच्या पाठीमागची ऊब, चहाचें यंत्र आणि माणसाचें तोंड यांच्यापासून तें दूर ठेवावें. नाहींतर खोलीऐवजीं त्या वस्तूचेंच मोजमाप होईल. बाहेरच्या ओलसर भिंतीवर तें मुळींच लावूं नये. तळघरांतील पंपाजवळ पाणी सांचल्याची सूचना देणारें एक साधें यंत्र ठेवलें तर जुलैमधील एखाद्या रात्रीं तेंच सर्वांत उपयोगी ठरेल.

ही यंत्रें किती वेळां बोलावीत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक. परंतु बॅटरीचें आयुष्य त्यावर अवलंबून असतें. यंत्र निजलेलें असतां पांच मायक्रोअँपिअर आणि बोलतांना एक दशांश सेकंद चाळीस मिलिअँपिअर प्रवाह घेतें, असें धरावें. दर दहा मिनिटांनीं बोलल्यास सरासरी सुमारें बारा मायक्रोअँपिअर पडते, आणि २,४०० मिलिअँपिअर-तासांची एक छोटी लिथियम बॅटरी कागदावर वीस वर्षांहून अधिक पुरते. बॅटरी आपोआपहि झिजते, म्हणून प्रत्यक्षांत पांच ते दहा वर्षें धरावीं. तेंच यंत्र दर दहा सेकंदांनीं बोललें तर तीच बॅटरी आठ-नऊ महिन्यांत संपते. खोलीचें उष्णतामान दहा सेकंदांत बदलत नाहीं. मग यंत्रानें तरी उगाच कां बडबडावें? वायु-संवेदकाला मात्र दिवा पेटवावा लागतो. म्हणून त्याला बहुधा भिंतींतील विजेचीच जोड द्यावी.

आतां विश्वासाचा प्रश्न. पडद्यावर ‘६७.३ टक्के’ असा दशांशचिन्हासह आंकडा उमटला कीं माणसाला तो वेदवाक्य वाटूं लागतो. चिन्हापुढचा आंकडा ही छपाईची सोय असूं शकते; खरेपणाची हमी नव्हे. म्हणून यंत्रें भिंतीवर चढविण्यापूर्वीं सर्व एका टेबलावर एक रात्रभर शेजारीं-शेजारीं ठेवावीं व त्यांच्या नोंदी ताडून पाहाव्या. जें यंत्र इतरांहून निराळें बोलतें त्याच्यावर खूण करावी. दमटपणाची परीक्षा घरच्या मिठानें होते. बाटलीच्या झांकणांत मीठ घेऊन त्यावर थेंब-थेंब पाणी घालावें, म्हणजे ओल्या वाळूसारखा गोळा होईल. पाणी वर तरंगूं देऊं नये. तें झांकण व यंत्र एकमेकांस न लागतां एका घट्ट डब्यांत आठ-दहा तास ठेवावें. आंतील हवेचा दमटपणा निसर्गनियमानें ७५ टक्क्यांवर येऊन ठरतो. यंत्र ७९ दाखवीत असेल तर तें चार अंक जास्त बोलतें, असें वहींत लिहून ठेवावें. वायु-संवेदकाची खोड याहून लबाड आहे. पुष्कळ संवेदक मागील आठवड्यांतील सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा असें गृहीत धरून स्वतःस आपोआप सुधारतात. जी खोली रात्रंदिवस बंद, आणि जेथें कोणी ना कोणी सतत बसलेलें, तेथें स्वच्छ हवा कधीं येतच नाहीं. संवेदक कोंदट हवेलाच स्वच्छ मानूं लागतो व आंकडा गोड गोड दाखवितो. आठवड्यांतून एकदां खिडक्या उघडून खोली मोकळी करणें हा त्यावर उपाय. यंत्रालाहि आणि माणसांनाहि.

या सर्व नोंदी एका पानावर आल्या कीं पनवेलच्या हवेचें खरें कोडें समोर उभें राहतें. जुलैमधील एका संध्याकाळीं बाहेर २८ अंश उष्णता व ८८ टक्के आर्द्रता आहे, असें धरावें. अशा एक घनमीटर हवेंत सुमारें २४ ग्रॅम पाणी असतें. दिवसभर २४ अंशांवर ठेवलेल्या भिंतीलगतची हवा मात्र फार तर पावणेबावीस ग्रॅम पाणी धरूं शकते. सहा वाजतां वातानुकूलन बंद झालें, शिपायानें चांगल्या हेतूनें खिडक्या उघडल्या, आणि बाहेरची हवा त्या गार भिंतींना भिडली, कीं उरलेलें पाणी दंव होऊन भिंतीवर, कपाटांच्या पाठीवर, फायलींच्या पुठ्ठ्यांवर बसतें. सकाळीं वातानुकूलन सुरू होतें, दंव दिसत नाहीं. परंतु रात्रभर चाललेल्या ओलीवर बुरशी पोसली जाते. श्रावण सरतां सरतां दप्तरखान्याला वास येऊं लागतो व दोष छपराच्या गळतीला लागतो. रात्रीच्या नोंदींतील ९० टक्क्यांवर चढत जाणारी रेघ पाहिली म्हणजे गळती वरून नाहीं, खिडकींतून आहे, हें कळून येतें.

म्हणजे कर्बाम्ल वायु सांगतो, ‘खिडकी उघडा’. दमटपणा सांगतो, ‘खिडकी लावा’. दोघांचेंहि म्हणणें खरें. जाणत्या वैद्याप्रमाणें येथें वेळ पाहून औषध द्यावें लागतें. पावसाळ्यांत वातानुकूलन चालू असतांना बाहेरची हवा पंख्यानें मोजून आंत घ्यावी, म्हणजे तिच्यांतलें पाणी यंत्राच्या थंड नळ्यांवर गळून जाईल. सायंकाळीं यंत्र बंद झाल्यावर भिंती उबदार होईपर्यंत खिडक्या उघडूं नयेत. दप्तराच्या खोलींत बाष्प शोषणारें निराळें यंत्र ठेवावें व कपाटें बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढें ओढावीं. मार्गशीर्ष-पौषांत हवा कोरडी व थंड असते, तेव्हां सकाळीं सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकाव्या. सभा मोठी असेल तर अर्ध्या तासानें पांच मिनिटें दार उघडावें. यांतील एकहि उपाय महाग नाहीं. कोणता केव्हां करावयाचा एवढेंच ठाऊक पाहिजे, आणि तें नोंदींवांचून ठाऊक होत नाहीं.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. हवा मोजणारें यंत्र माणसेंहि मोजूं शकतें. खोलींतील कर्बाम्ल वायु केव्हां वाढला यावरून तेथें कोण केव्हां आलें याचा अंदाज करतां येतो. हालचाल टिपणारें यंत्र तर कोण किती वेळ जागेवर नव्हतें हेंहि सांगेल. पहारा हवेवर बसवावयाचा आणि त्याच्या आडून माणसांवर बसवावयाचा, हें प्रामाणिकपणाचें नव्हे. यंत्रें कोठें आहेत, काय टिपतात, नोंद किती दिवस ठेवली जाते व ती कोण पाहतो, हें कचेरींतील सर्वांना आधीं सांगावें. शक्य तर खोलीचा आंकडा दारावरच लावावा. ज्याच्या श्वासाची ती नोंद आहे त्याला ती वाचतां आली पाहिजे. यंत्राबरोबर आलेला मूळचा संकेतशब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, म्हणजे बाहेरचा कोणी ती वाचणार नाहीं.

आणि शेवटीं एक साधी वही ठेवावी. कोणतें यंत्र कोणत्या खोलींत, कोणत्या तारखेस बसविलें. मिठाच्या परीक्षेंत किती चुकलें. बॅटरी केव्हां बदलली. वीज गेल्यामुळें नोंद कोठें तुटली, हें सारें तिच्यांत शाईनें लिहावें. तुटलेली जागा अंदाजानें भरूं नये, कोरी सोडावी. कुलाब्याच्या वेधशाळेंत रात्रीच्या दिव्याच्या उजेडांत ज्यांनीं आंकडे टिपले त्यांना त्या आंकड्यांचा पुढें काय उपयोग होणार हें ठाऊक नव्हतें; त्यांनीं फक्त दिसलें तें, दिसलें त्या वेळीं लिहिलें. भिंतीवरचें बिनतारी यंत्र याहून अधिक कांहीं करीत नाहीं. तें खिडकी उघडीत नाहीं. आंकडा वाचून उठणारा आणि खिडकीच्या कडीला हात घालणारा माणूस इमारतींत असेल, तरच त्या कुजबुजीचें चीज होतें.